आठाच्या ठोकळ्यांतली मेल

ऑफिसात तिला सगळे ठोकळी म्हणायचे, आणि चक्क तोंडावर म्हणायचे. सुरुवातीला ती चिडायची. मग टेबलावरच्या तिच्या नावाच्या पाटीवरही कुणीतरी तेच छापून चिकटवलं, तेव्हा तिने नाद सोडला.

कामच तसं होतं हो. कंपनी विम्याची. लोकांची दुखणी, अपघात, कुणाचा कुठला अवयव कामातून गेला ती माहिती, सगळं मेलने यायचं, आणि वाटेत कुणी वाचू नये म्हणून कुलूपबंद होऊन यायचं. आता मेलला कुलूप घालतात म्हणजे काय करतात? मजकूर सारख्या मापाच्या ठोकळ्यांत कापायचा आणि एकेक ठोकळा किल्लीने असा घुसळून काढायचा, की लिहिणाऱ्याला स्वतःचाच मजकूर ओळखू येऊ नये. ज्या किल्लीने घुसळला, त्याच किल्लीने तो परत सरळ होतो. या घुसळण्याच्या पद्धतीला म्हणतात सायफर. जुनं सायफर म्हणजे ट्रिपल डीईएस, त्याचे ठोकळे आठ-आठ बाइटचे. नवं म्हणजे एईएस, त्याचे सोळा-सोळाचे. एवढं लांबण लावायला वेळ कुणाला आहे, म्हणून ऑफिसात नुसतं म्हणायचे, आठवाली मेल आणि सोळावाली मेल. सोळावाली आत, आठवाली परत.

ठोकळीचं काम ते ओळखण्याचं. मेल उघडायची नाही, आणि उघडायचं म्हटलं तरी किल्ली ज्याला मेल आली त्याच्याकडे. फक्त बाहेरून बघायचं आणि सांगायचं. ती कोणी कोणाला पाठवली आहे तेसुद्धा दिसायचं नाही, कारण पडद्यावर पत्त्यांच्या जागी काळी पट्टी असायची. ही पट्टी ठोकळीनेच साहेबांच्या मागे लागून बसवून घेतली होती. "नाव दिसलं की आपण माणूस बघतो, ठोकळा बघत नाही," असं तिने भर मीटिंगमध्ये सुनावलं होतं. साहेबांनी मान डोलावली होती. साहेब कुठल्याही गोष्टीला मान डोलवायचे म्हणा.

तर अशा या कडक बाईचं येत्या रविवारी लग्न होतं.

नवरा मुलगा दातांचा डॉक्टर. स्वभावाने गरीब, बोलायला कमी, कारण समोरच्याचं तोंड उघडं असताना एकट्यानेच बोलायची सवय आणि तीही "अजून थोडं उघडा" एवढीच. हॉल ठरला होता, जेवण ठरलं होतं, केकसुद्धा ठरला होता. एकच गोष्ट ठरत नव्हती. ठोकळीचे बाबा येणार की नाही.

बापलेकीचा अबोला होता, दोन वर्षांचा, आणि त्याचं कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. कारण एक केक.

बाबा याच ऑफिसातले. याच खोलीत, याच खिडकीपाशी त्यांनी उभी नोकरी काढली. कंपनीत कुलूपबंद मेल आणली तीच मुळी त्यांनी, आणि आणली ती आठवाली, कारण तेव्हा तीच सगळ्यात भारी होती. मग लेक त्याच खात्यात लागली, वर चढली, आणि तिने आठवाली मेल बंद करायचा हुकूम काढून घेतला. बंद करायचा दिवस आणि बाबांच्या निवृत्तीचा दिवस एकच आला. आता एका दिवशी दोन केक आणायला कंपनी काय वेडी आहे? एकच आणला. आणायचं काम ठोकळीकडे होतं. तिने त्यावर गुलाबी क्रीमने लिहून आणलं, 'ट्रिपल डीईएसला निरोप'.

बाबा पहिल्या रांगेत नवा शर्ट घालून बसले होते. त्यांनी केक वाचला, मागून वाचला, बाजूने वाचला. स्वतःचं नाव कुठेही नाही. त्यांच्याच हातात सुरी देऊन सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी केक कापला, एक तुकडा खाल्ला, घरी गेले आणि त्या दिवसापासून लेकीशी बोलणं बंद केलं. ठोकळीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिलाही राग आला. एवढ्याशा क्रीमवरून माणूस इतका रुसतो का म्हणून तीही फुगून बसली. दोघंही एकाच मापाची, त्यामुळे कोण आधी बोलणार? कुणीच नाही.

लग्न ठरलं तेव्हा मात्र तिचा रुसवा उतरायला लागला. आई लहानपणीच गेलेली. वेण्या घातल्या बाबांनी, आणि त्यांच्या वाकड्या वेण्यांवरून शाळेत मारामाऱ्या केल्या हिने. लग्नात ते नसतील ही कल्पनाच तिला सहन होईना. पण फोन करायला जीभ रेटेना. म्हणून तिने आत्याच्या हाती निरोप धाडला, की येणार असाल तर स्वतः कळवा.

आठवड्याने आत्याचा फोन. "अगं, तो म्हणतो मी कळवलंय!"

"कुठे कळवलंय? मला काहीच आलेलं नाही."

"मी विचारलं. तर नुसतं कळवलंय, कळवलंय, कळवलंय. तीनदा. त्याची खोड तुला ठाऊक आहे."

ठाऊक होती. बाबा कुठलीच गोष्ट एकदा सांगत नसत. जेवायला बोलवायचं असो की घराला आग लागलेली असो, सुरुवात एकच. "ऐकतेस का, ऐकतेस का, ऐकतेस का." मग मुद्दा. ठोकळीला वाटायचं, या माणसाची सुई अडकते.

तिने घरची मेल उघडून पाहिली. नाही. ऑफिसची पाहिली. नाही. फोन उलटा करून झटकायचा तेवढा बाकी ठेवला. "नळवाल्यालाही असंच कळवलं होतं त्यांनी," ती फणफणली, "आणि महिनाभर बादल्या लावून बसले होते!" आणि कामाला लागली.

कामात वैतागायला एक नवा गडी मिळालाच होता. कोण, कुठला, काळ्या पट्टीखाली काही कळत नव्हतं. पण कुणीतरी आठवाली मेल पाठवायला लागला होता. पहिली आली ती उजळ माथ्याने. प्रत्येक कुलूपबंद मेलवर बाहेरून एक लेबल असतं, आत कुठलं सायफर आहे ते सांगणारं. याने सरळ लिहिलं होतं, ट्रिपल डीईएस. ठोकळीने परत पाठवली, सोबत नेहमीचा मजकूर, 'जुने सायफर स्वीकारले जात नाही. कृपया बदलून पाठवावे. तपासणी विभाग.'

दोन दिवसांनी दुसरी आली. या वेळी लेबलच गायब!

"आगाऊच आहे," ठोकळी शेजारच्या टेबलावरच्या दादाला म्हणाली. दादा वयाने तिच्याहून लहान, पण पोट सुटल्यामुळे सगळ्यांचा दादा झालेला. "लेबल काढलं की मला कळणार नाही असं वाटतं याला."

"मग कसं कळतं?" दादाने बिस्कीट बुडवत विचारलं. तो चार वर्षं त्याच खात्यात होता, पण जाऊ द्या.

"लांबी मोज. ठोकळे अर्धे कापता येत नाहीत. सोळावालीच्या मजकुराला सोळाने पूर्ण भाग जायलाच हवा. याला आठाने जातो, सोळाने जात नाही. पकडला की नाही?"

परत पाठवली. या वेळी मजकूर तिने स्वतः टंकला. 'लेबल काढल्याने ठोकळे बदलत नाहीत. आमचा आणि आपला वेळ वाया घालवू नये.'

दादाला बिस्कीट कपात पडल्याचं दुःख होतं, तरी तो मनापासून हसला.

तिसरी मेल आली गुरुवारी, लग्नाला तीन दिवस उरलेले असताना. हिच्यावर लेबल होतं, आणि तेसुद्धा एईएस! लांबी सोळाने भागली तर पूर्ण भाग जात होता. यंत्राने हिरवी खूण केली. मेल पुढे सरकणार, तोच ठोकळीच्या मनात पाल चुकचुकली. तिने ती थांबवली आणि ठोकळे रंगांत पाहिले. ही तिची स्वतःची युक्ती होती. एकसारख्या ठोकळ्याला एकच रंग द्यायचा आणि पडद्यावर मांडायचं. चांगल्या सायफरची चांगली मांडणी असेल, तर दोन ठोकळे कधी सारखे निघत नाहीत, नुसती रंगांची रंगपेटी सांडल्यासारखी दिसते. सोळा-सोळाचे तुकडे पाडून पाहिलं, तसं काही खास दिसेना. मग आठ-आठचे पाडले.

लाल, हिरवा, पिवळा. लाल, हिरवा, पिवळा. लाल, हिरवा, पिवळा. आणि मग पुढे सांडलेली रंगपेटी.

"सापडला!" ठोकळी खुर्चीतून उडाली. "आठवालीच आहे! लबाडाने शेवटी भर घालून लांबी सोळाला जुळवली आणि वर खोटं लेबल चिकटवलं. आणि ठोकळे एकमेकांत गुंतवायचे असतात, तेही केलेलं नाही. सारखा मजकूर सारखाच उमटतोय!"

कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत तिने उत्तर टंकलं. 'महोदय, आपण शेंडी लावायला चुकीच्या बाईकडे आला आहात. जग पुढे गेले. आपणही जावे.' आणि बटण दाबलं, चांगलं जोरात.

दादा येऊन पडद्याकडे बघत उभा राहिला. "भारी आहे पण. एवढा डोकेबाज माणूस आणि सुरुवातीलाच एकच गोष्ट तीनदा कशाला म्हणत असेल?"

ठोकळी हसायला गेली आणि हसू अर्ध्यात राहिलं.

तिने पडद्याकडे पाहिलं. लाल, हिरवा, पिवळा. ऐकतेस का. लाल, हिरवा, पिवळा. ऐकतेस का. तिने बोटांवर हिशेब केला. मराठी अक्षर असो की काना-मात्रा, प्रत्येकाला तीन बाइट; मधली जागा, स्वल्पविराम, त्यापुढची जागा, प्रत्येकी एक. आठाचे बरोब्बर तीन ठोकळे. तिने घाईघाईने परत पाठवलेल्या मेलची टोपली उपसली. आधीच्या दोन्ही मेल काढल्या, त्याही रंगांत मांडल्या. एकीत निळा, जांभळा, राखाडी, तीनदा. दुसरीत तीन वेगळेच रंग, पण तीनदाच. दर मेलला किल्ली नवी म्हणून रंग नवे, पण खोड तीच!

"दादा," ती म्हणाली, "मी माझ्या बापाला हाकलून दिलंय. तीनदा."

दादाने उरलेलं बिस्कीट बशीत ठेवलं, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते ओळखा.

ठोकळी धावत साहेबांकडे गेली. "साहेब, काळी पट्टी काढा."

"पट्टी? पण नियम तुम्हीच..."

"मीच केला! मूर्ख होते! काढा!"

साहेबांनी एरवी मान डोलावली असती, पण नेमकी त्याच दिवशी त्यांना नियमांची आठवण झाली. त्यांनी पडदा स्वतःकडे वळवला, एकट्यानेच पट्टी उचलून बघितली, आणि त्यांचा चेहरा पडला. पट्टी त्यांनी घाईने परत खाली ओढली. मग म्हणाले, "मला काही दिसलं नाही. मेल तुम्हालाच आली आहे, हे तर मला मुळीच दिसलं नाही. तुम्ही आज लवकर घरी जा. म्हणजे तुमच्या नव्हे, तुमच्या वडिलांच्या."

पण आधी तिला वाचायचं होतं. येतो म्हणतायत की नाही म्हणतायत, हे कळल्याशिवाय कुठल्या तोंडाने जाणार? मेल तिला आली होती, म्हणजे मेलसोबत आलेली किल्ली तिच्याच कार्डाने सुटणार. तिने आपलं कार्ड यंत्रात सरकवलं. पडद्यावर पाटी आली, 'या सायफरची सोय या संगणकावर नाही.' दादाच्या संगणकावर लावून पाहिलं. नाही. साहेबांच्या. नाही. सगळ्या इमारतीतून ती सोय काढून टाकल्याला दोन वर्षं झाली होती, आणि ती कुणी काढली होती? गुलाबी क्रीम लावून कुणी साजरं केलं होतं?

आठवाली मेल उघडणारा संगणक तिच्या माहितीत आता एकच होता. तो बाबांच्या घरी होता.

ती निघाली ती बसमध्ये उभ्यानेच तळमळत. चौथा मजला, लिफ्ट बंद. दार वाजवलं. बाबांनी उघडलं, आणि बघते तर काय, अंगात नवाकोरा कोट, बाहीला दुकानाची चिठ्ठी अजून लोंबतेय, खाली घरातला लेंगा, नाकावर दोन चष्मे, एक वर एक.

दोन वर्षांत बाबांचे केस बरेच गेले होते.

"तपासणी विभाग," बाबा कोरड्या आवाजात म्हणाले. "या. घरझडती आहे का?"

"बाबा, मला माहीत नव्हतं! पत्त्यावर काळी पट्टी असते. देवाशपथ माहीत नव्हतं!"

"हो का? मला वाटलं तूच. 'जग पुढे गेले. आपणही जावे.' शैली ओळखली मी तुझी."

ठोकळीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण चौथ्या मजल्यावर धरणी कुठून येणार. ती तशीच आत घुसली, संगणकापाशी बसली आणि पर्समधून कार्ड काढलं. "मला वाचायच्या आहेत. तिन्ही. तुमच्याकडे प्रती असतील ना? याच्यावर उघडतील. आठवाली सोय फक्त याच्यावर आहे."

बाबांनी वरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"होती," ते म्हणाले.

"होती म्हणजे?"

"तुझं ते शेवटचं वाचलं. म्हटलं, जाऊ दे. पोरगी म्हणते तर जाऊ या पुढे. आत्ताच ती सोय काढून टाकली आणि सोळावाली बसवली. तासभर झगडतोय. दोन चष्मे लागले." मग जरा दबक्या आवाजात म्हणाले, "तुला एक सोळावाली पाठवणारच होतो. लेबलासकट. खरं लेबल."

ठोकळीने कपाळावर हात मारला. म्हणजे आता त्या तीन मेल बाबांना उघडता येत नव्हत्या आणि तिलाही. ज्यांनी लिहिल्या आणि जिला लिहिल्या ती दोघं त्यांच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसली होती, आणि पडद्यावर नुसता कचरा दिसत होता. ती आधी हसली, आणि मग तिचं हसणं नाकातून यायला लागलं. बाबांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला. त्यालाही दुकानाची चिठ्ठी होती.

"मग तोंडी सांगा ना," ती नाक पुसत म्हणाली. "काय लिहिलं होतं?"

"तोंडी?" बाबा दचकले. "कुलूपबंद मजकूर असा तोंडी सांगतात होय? आयुष्यभर काय शिकवलं मी तुला?"

"बाबा!"

"बरं बरं." त्यांनी घसा खाकरला, कोटाची बटणं लावली, एक खालीवर लागलं. तिच्याकडे बघायचं धाडस होईना, म्हणून संगणकाकडे तोंड करून बसले. "ऐकतेस का..."

"ऐकतेय," ठोकळी म्हणाली.

बाबा थांबले. तोंड उघडंच राहिलं. हळूच मान वळवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. लहान असताना ही पोरगी एका हाकेला कधी ओ देत नसे, दोन हाकांनाही नाही. तिसऱ्या हाकेला कुठे पुस्तकातून डोकं वर काढायची. म्हणून तर ती तीनदा म्हणायची सवय लागली होती, आणि ते दोघांच्याही आत्ता लक्षात आलं. उरलेल्या दोन हाकांचं काय करायचं ते बाबांना कळेना. ते नुसतेच बटणाशी चाळा करत राहिले.

"विसरलो," शेवटी ते म्हणाले. "पुढचं विसरलो बघ."

"येताय ना?"

"कोट काय झोपायला घेतलाय?" बाबा खेकसले. मग अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "केक आहे का?"

"आहे."

"त्याच्यावर काय लिहिणार?"

"माझं नाव. त्याचं नाव." ठोकळीने श्वास घेतला. "आणि तुमचं. सगळ्यात वर. मी चुकले होते, बाबा."

बाबांनी डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी मोजलं.

"तीन नावं मावायची नाहीत," ते म्हणाले. "मोठा केक सांग."

ठोकळीने तिथेच बसून केकवाल्याला फोन लावला, आणि बाबा शेजारी बसून प्रत्येक नाव त्याला तीन-तीनदा सांगत राहिले.